बारा बाय सोळाची आखणी

आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की बारा फूट रुंद, सोळा फूट लांब अशी एक मोकळी जागा लागते. मोकळी म्हणजे तिथं एक मोडकं स्टूल, बांधकामातून उरलेल्या फरश्या, धुण्याचा दगड आणि टाकीचा नळ, एवढंच आहे. शिरूरला घर बांधून चार वर्षं झाली. चार वर्षं मी म्हणते आहे की इथं मला कोथिंबीर, पुदिना, गवती चहा, ओवा, थोडं आलं, एक कढीपत्ता, असं स्वयंपाक करताना हाताशी लागणारं हिरवं लावायचंय. मी शेतकऱ्याची मुलगी, शेतकऱ्याच्याच घरात दिलेली, वर शाळेत मराठी शिकवते आणि पोरांना दरवर्षी ‘आमची परसबाग’ यावर निबंध लिहायला लावते. आणि फोडणीला चार पानं हवी असली की शेजारणीच्या कुंपणावरून हात घालते.

तर मागच्या कार्तिकात या जागेची आखणी एकदाची सुरू झाली. आणि ती पूर्ण होऊ नये म्हणून मी जेवढी धडपड केली, तेवढी आयुष्यात काही पूर्ण व्हावं म्हणून केलेली नाही. कारण त्या आखणीत माझ्या वडिलांचा डोळा अडकला होता.

आप्पा दौंडकडचे. भीमेच्या काठाचं गाव, चारी बाजूंनी ऊस. मोतीबिंदू इतका पिकला होता की पुतण्याला मुलगा समजून दोनदा रागावून झाले होते. शिरूरला ओळखीचे डॉक्टर होते म्हणून ऑपरेशन आमच्याकडं केलं. एका डोळ्याचं. दुसऱ्याचं नंतर बघू म्हणाले. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: पंधरा दिवस खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, महिनाभर धूळ आणि धूर लागू द्यायचा नाही, दिवसातून चार वेळा थेंब.

आता ऐन कार्तिकात आमच्या गावाकडं धूर सोडून दुसरं काही नसतं. एका अंगाला गुऱ्हाळं पेटलेली, दुसऱ्या अंगाला तोडणी झालेल्या रानात पाचट जाळलेलं. भाऊ-भावजय दिवसभर उसाच्या फडात. भाऊ चांगला आहे, पण त्याला थेंब म्हटलं की उसाचं ठिबक आठवतं. तेव्हा आप्पांनी महिनाभर माझ्याकडं राहायचं, हे मी ठरवून टाकलं. मी ठरवलं, एवढंच.

आमच्यात बाप लेकीच्या घरी राहत नाही. येतो, चहा घेतो, फार तर भाकरी खातो, आणि उन्हं उतरायच्या आत निघतो. पंचवीस वर्षांत आप्पांनी माझ्याकडं मुक्काम केला तो दोनदा, आणि दोन्ही वेळा एसटी चुकली म्हणून. ऑपरेशनला येतानाही त्यांनी अर्धं पोतं ज्वारी आणि गुळाची ढेप बरोबर आणली होती, म्हणजे जावयाचं फुकट खाल्लं असं व्हायला नको. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर धोतर नेसून, टोपी घालून, काळा चष्मा लावून आप्पा पिशवीसह बाहेरच्या ओट्यावर तयार.

“आप्पा, डॉक्टरांनी महिना सांगितलाय.”

“डॉक्टरला लेक नसंल. लेकीच्या घरी म्हयना काढत्यात व्हय कुणी?”

“काढला तर काय होतंय?”

“बसून खायाचं? जावयाच्या घरी? लोकं म्हणत्याल, म्हाताऱ्याला पोरानं भाईर काढला.”

“कोण लोक? इथं तुम्हाला कोण ओळखतंय?”

“मी वळखतो की मला.”

माझी शाळेची वेळ झालेली, डबा भरायचा राहिलेला, गॅसवर दूध. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघतं ते निघालं. मी म्हटलं, “आप्पा, मागं मला बाग करायचीय. तुम्ही गेलात तर आखून कोण देणार?”

आप्पांनी पिशवी खाली ठेवली.

“किती रान हाय?”

“बारा बाय सोळा.”

“गुंठं?”

“फूट, आप्पा.”

त्यांनी माझ्याकडं जरा कीव आल्यासारखं बघितलं. “चल, दाव,” म्हणाले.

खुर्ची टाकून दिली. काठी मांडीवर आडवी घेऊन, काळ्या चष्म्यातून त्यांनी सगळी जागा एकदा डावीकडून उजवीकडं पाहिली आणि म्हणाले, “दुपारपातुर हुतंय.”

दुपारपर्यंत झालं तर चारच्या गाडीनं आप्पा निघणार. मी ओल्या हातानं दारात उभी राहून सांगायला लागले की नाही आप्पा, हे असं घाईनं नको. यात पुष्कळ प्रकार आहेत. प्रत्येकाचं पाणी वेगळं, ऊन वेगळं.

“कंचं प्रकार?”

“गवती चहा आहे.”

“मुद्दाम लावायचा? आपल्या पाटाच्या कडंला मजबूत हाय, म्हशी तोंड लावत न्हाईत त्याला.”

“पुदिना.”

“त्यो लावायचा नस्तो पोरी, आवरायचा अस्तो.”

तेवढ्यात माझ्या सासूबाई दारात आल्या. माझ्या सासूबाईंचं (मी त्यांना आत्याबाई म्हणते) माहेर कवठे येमाईच्या अंगाला, माळावर. विहिरीच्या तळाशी पाणी शोधत लहानपण गेलेलं. आजही आमच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी त्यांना विचारल्याशिवाय ओतता येत नाही. आप्पांनी मला उतार बघायला नळाखालून तांब्याभर पाणी सोडायला सांगितलं, आणि मी ते सोडलं, त्याच क्षणी त्या आल्या.

“पाव्हणं,” सासूबाई म्हणाल्या, “तेवढ्या पाण्यात आमच्यात दोन माणसांची आंघूळ व्हायची.”

“विहीणबाई, पाणी व्हायल्याबिगर रान कसं कळायचं?”

“रान न्हाई ते. मोरी हाय.”

इथून पुढं मला फारसं काही करावं लागलं नाही. आप्पांना नळापासून भिंतीपर्यंत एक पाट हवा होता, त्याला दोन्ही बाजूंनी सऱ्या. सासूबाईंचं म्हणणं, पाट कशाला, प्रत्येक झाडाला आपलं आळं, भांड्यातलं उरलेलं पाणी ओंजळीनं घालायचं. आप्पा म्हणाले, आधी लसूण-कोथिंबीर, माणूस आधी जेवतं. सासूबाई म्हणाल्या, आधी अडुळसा आणि ओवा, माणूस आधी खोकतं. मी खूश होऊन शाळेत गेले. एक नदीकाठची, एक माळावरची, अशी दोन म्हातारी माणसं पाण्याच्या प्रश्नावर एकमेकांशी महिनाभरात काही सहमत होत नाहीत, असा माझा हिशेब होता. आणि तो चुकला नसता, पण घरात तिसरं माणूस होतं.

आमचे हे रांजणगावला कंपनीत आहेत. तिथं यांचं काम म्हणजे कुठलं मशीन कुठं उभं करायचं हे ठरवणं. चार वर्षं मी या माणसाला म्हणते आहे की तुम्ही एवढी शेड आखता, माझी बारा बाय सोळाची जागा आखून द्या. “बघू रविवारी.” असे चार वर्षांचे रविवार गेले. आणि त्या गुरुवारी पहिल्या पाळीहून कंपनीच्या बसनं घरी आले, मागच्या दारी सासरे आणि आई वाद घालताहेत हे बघितलं, काही न बोलता टेप काढली, मोजलं, आणि रात्रीच्या जेवणाला रंगीत छापलेला कागद ताटाशेजारी ठेवला.

“जे रोज लागतं ते दाराजवळ, जे कधीतरी लागतं ते लांब,” हे म्हणाले. “उरलेल्या फरश्या उभ्या गाडून पुदिन्याला चौकट करायची, म्हणजे बाहेर जाणार नाही. आईचा अडुळसा मागच्या भिंतीला. मामांचा पाट मधून, पण अर्ध्याच लांबीचा. आईची आळी पाटाच्या पुढं. तुझी चाल किती वाचते बघ. ओट्यापासून कोथिंबिरीपर्यंत सहा पावलं.”

इतका निर्दोष कागद मी माझ्या संसारात पाहिला नव्हता. चार वर्षांत पहिल्यांदा या माणसानं माझं ऐकलं होतं, तेही नको तेव्हा.

“झ्याक,” आप्पा म्हणाले.

“चांगलं केलंस की रं,” सासूबाई म्हणाल्या.

“परवा मला सुट्टी आहे, संध्याकाळपर्यंत लावून मोकळं होऊ,” हे म्हणाले.

“मग परवाच्या सांजच्या येष्टीनं निघतो मी.”

मी टेबलाखालून यांना पाय मारला. हे म्हणाले, “अगं, लागतंय.”

मग मला उघडपणेच खुसपट काढावं लागलं. कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला, पोरांच्या वहीत चूक शोधते तशी शोधली. “यात सावली कुठंय?” मी म्हटलं.

“कसली सावली?”

“शेजारच्यांच्या भिंतीची. ती दक्षिणेला आहे. थंडीत तिची सावली कुठवर येते ते यात दिसतच नाही. सावलीत कोथिंबीर लावून काय लोणचं घालू?”

“बराबर,” आप्पा खुर्चीत ताठ झाले. “कागदाला ऊन लागत न्हाई, जावईबापू.”

हे स्वयंपाकघरात माझ्या मागं आले. हळूच म्हणाले, “तुला बाग हवीय की नकोय?”

“हवीय. महिन्यानं.”

यांच्याकडं एखादी गोष्ट पोचायला वेळ लागतो, पण पोचली की मग ती सगळ्या खात्यांत फिरते. दुसऱ्या दिवसापासून कामावरून आल्या आल्या मोठ्यानं, “मामा! आज सावली कुठपर्यंत आली?” असं विचारायला लागले. नाटकात काम मिळालेल्या माणसासारखं. मीच ओशाळून गेले.

सावलीनं मला आठवडा मिळेल अशी माझी अपेक्षा होती. तासातासाला चुन्याची फक्की टाकून खूण करायची असं ठरलं. फक्की कोण टाकणार? आप्पांना वाकायचं नाही, म्हणून त्यांनी काठीनं दाखवायचं आणि सासूबाईंनी टाकायची. त्यातही दोन दिवस भांडणात छान गेले. आप्पांचा एक डोळा नवा, एक जुना. त्यांना सरळ वाटणारी रेघ सगळ्यांना तिरकी दिसायची.

“पाव्हणं, ही रेघ पैल्या यत्तेतल्या पोरानं मारल्यावानी हाय.”

“रेघ नीट हाय. जमीनच वाकडी हाय तुमची.”

पण तिसऱ्या दिवशी आप्पांनी नुसत्या दोन खुणा पाहून सांगून टाकलं की दिवस लहान होत चाललेत, संक्रांतीपर्यंत सावली नळापाशी येईल आणि मग माघारी फिरेल, त्याला रोज काय बघायचंय? झालं. माझा आठवडा तीन दिवसांत संपला. साठ वर्षं उन्हात काढलेल्या माणसाला सावलीत अडकवायला निघाले होते मी.

नवव्या दिवशी पिशवी पुन्हा ओट्यावर दिसली. आणि मी, शहाणी, शाळेत दोन भांडखोर पोरांना एका बाकावर बसवताना दहादा विचार करणारी बाई, न विचार करता बोलून गेले, “असं करू. अर्धी जागा तुम्ही आखा, अर्धी आत्याबाई आखतील. मधे एक बांध घालू.”

दोन शेतकऱ्यांच्या मध्ये बांध घालायचा नसतो. हे मला कुणी शिकवायला हवं होतं असं नाही. माहेरी आप्पांचं आणि त्यांच्या चुलतभावाचं एका बांधावरून बोलणं बंद आहे. मी लहान असताना त्या बांधावरून बैल चालत जायचा. आता मांजर गेलं तरी तोल सांभाळत जाईल. दोन्हीकडून रोज नांगराचं टोक थोडं थोडं आत. विचारलं तर दोघंही म्हणणार, आमचा नांगर सरळ चालतो. सासरी वेगळं नाही. आमच्या दोन्ही घरांत देवाधर्माची, दिल्या शब्दाची माणसं निघाली, पण बांध दिसला की हात शिवशिवतात.

यांनी त्याच संध्याकाळी कुदळीनं माती ओढून एक वीत रुंदीचा सुबक बांध घालून दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई खुरपं घेऊन मागं.

“काय करताय?” मी विचारलं.

“तण काढतीया.”

अजून काही पेरलं नव्हतं, एक रोप आणलं नव्हतं. तण कसलं? संध्याकाळी घरी येऊन बघते तर त्यांच्या अंगाचा बांध चार बोटं उतरलेला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा त्यांच्या अंगाला सरकलेला, कारण आप्पांना वाकायची मनाई होती, टाचेला नव्हती. खुर्चीत बसल्या बसल्या चपलेच्या टाचेनं ते माती पुढं लोटत होते, आणि चेहरा असा की मी तर नुसता पाय हलवतोय, डॉक्टरनंच सांगितलंय हालचाल पायजे.

“विहीणबाई, काल बांध पायरीच्या रेषंत व्हता.”

“एक डोळा नवा, एक जुना. तुम्हाला दोन बांध दिसत आसत्याल, त्यातला नगं त्यो सोडा.”

“नव्या डोळ्याला सगळं साफ दिसतंय. खुरप्याच्या खुणा बी दिसत्यात.”

“आन् चपलीच्या?”

दुपारी शाळेच्या वेळात थेंब घालायचं काम सासूबाईंकडं होतं. मोबाइलवर गजर लावून दिला होता. तो वाजला की भांडण जिथं असेल तिथं थांबायचं. आप्पा खुर्चीत मान मागं टाकायचे, सासूबाई पदराला हात पुसून, श्वास रोखून बरोब्बर एक थेंब घालायच्या, दोन मिनिटं दोघं गप्प. मग सासूबाई विचारायच्या, “उघडू का आता?” म्हणजे डोळा. आणि डोळा उघडला की पुन्हा बांध.

बारा दिवस झाले. तेरा झाले. माझं चित्त थाऱ्यावर आलं. कोथिंबिरीचं एक पान नाही, पण आप्पांच्या डोळ्याची लाली गेली होती, थेंब एकदाही चुकला नव्हता. शाळेत सहशिक्षिकांना मी ऐटीत सांगत होते की माणसं हाताळता आली पाहिजेत.

चौदाव्या दिवशी चौथ्या तासाला सासूबाईंचा फोन. सासूबाई कधी फोन करत नाहीत. फोन म्हणजे पाणीच, ओतलं की गेलं, असं त्यांचं मत आहे.

“लवकर ये. पाव्हण्यांनी दगड उचलला.”

सासूबाईंची दुपारची झोप अर्ध्या तासाची. तेवढ्यात आप्पांनी टाकीमागं पडलेला, घराच्या पायातून उरलेला काळा दगड दोन्ही हातांनी उचलून आणला होता आणि बांधाच्या डोक्यावर वाकून रोवला होता. हद्दीचा दगड! बांध कोरता येतो, दगड हलवला तर पंचनामा होतो, हे दोघांनाही ठाऊक. मी पोचले तेव्हा आप्पा भिंतीला टेकून उभे होते, नवा डोळा लालभडक, पाणी थांबत नव्हतं. सासूबाई शेजारी स्वच्छ फडकं घेऊन उभ्या, पण डोळ्याला लावावं की नाही हे न कळून ते नुसतं हातात धरलेलं.

“बघ, घेतला ना दगड,” मला बघून त्या म्हणाल्या. “म्या म्हटलं व्हतं का दगड आणा म्हणून? सांग की, म्या म्हटलं व्हतं का?”

रिक्षानं दवाखान्यात. डॉक्टरांनी तपासलं आणि मग आप्पांना सोडून मला धरलं. “काय उचलायला लावलंत यांना? वाकू देऊ नका असं लिहून दिलं होतं ना? शिकलेल्या आहात तुम्ही.” मी काय सांगणार, की मी यांना विश्रांती मिळावी म्हणून भांडायला लावलं होतं? डोळ्यातला दाब वाढलाय, नशीब म्हणा आत काही सरकलं नाही, नवीन थेंब देतो, पण आजपासून पुन्हा पुरा महिना. आणि घराबाहेर अजिबात नाही.

परत आल्यावर आप्पा घरात शिरले, सरळ खोलीत गेले, आणि पिशवी घेऊन बाहेर आले.

“आता मातुर निघतो,” ते म्हणाले. “तुझ्या घरात येऊन तुझ्या सासूसंगं भांडलो. तुला त्या डॉक्टरची बोलणी खायाला लावली. आता थांबलो तर मला माझंच त्वांड बघवणार न्हाई.”

मग माझं डोकं फिरलं. चौदा दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

“आप्पा, बाग गेली खड्ड्यात!” मी ओरडले. “यांनी काढलेला कागद पहिल्याच दिवशी बरोबर होता. मी सावली काढली. मी बांध घालायला लावला. सगळं मी केलं, कळलं? तुमच्या त्या धुरात तुम्ही जाऊ नये म्हणून. तुमचा डोळा बरा होईपर्यंत तुम्ही इथं राहावं म्हणून. दुसरं काही नाही.”

आप्पांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“मग तसं म्हणायचं,” ते म्हणाले.

“म्हटलं असतं तर राहिला असतात?”

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. “न्हाई.”

“मग?”

“मग काय. तुझं बी खरं हाय आन् माझं बी. पर लेकीच्या घरी म्हयना न्हाई ऱ्हाता येत.” आणि पिशवी खांद्याला लावली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. “पाव्हणं, बसा खाली,” त्या म्हणाल्या.

“न्हाई विहीणबाई, माफी असावी. झालं ते...”

“बसा म्हणती ना. तुमचं म्हणणं काय, लेकीच्या घरी ऱ्हायचं न्हाई.”

“न्हाई.”

“बराबर हाय. म्या बी माझ्या लेकीकडं ऱ्हात न्हाई. पर हे घर तुमच्या लेकीचं हाय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी सासूबाईंकडं पाहिलं.

“जागा आमच्या मालकांनी घेतली व्हती,” सासूबाई म्हणाल्या. “त्येंच्या माघारी माझ्या नावावर झाली. वर घर बांधलं ते बी माझ्याच नावावर हाय. घर माझं. तुम्ही माझं पाव्हणं. व्याह्यानं विहिणीकडं ऱ्हाऊ नये, आसं कुठं हाय?”

आप्पांनी पिशवी खांद्यावरून काढली, पण खाली ठेवली नाही. “कागद हाय?”

“हाय की.”

त्या आत गेल्या आणि कपाटातून, लुगड्यांच्या घडीखालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला घराचा उतारा घेऊन आल्या. आप्पांना वाचता येईना. माझ्या हातात कोणी दिला नाही. नेमके त्याच वेळी हे कामावरून आले, आणि अंगात कंपनीचा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी अशा अवस्थेत यांना दारातच तो मोठ्यानं वाचायला लावला. मालक म्हणून सासूबाईंचं नाव.

“इतर हक्कात कोण हाय?” आप्पांनी सातबारा ऐकताना विचारतात तसं विचारलं.

“कोणी नाही, मामा.”

“म्हंजी हिचं नाव कुठंच न्हाई?” काठी माझ्याकडं.

हे कागदात डोकं घालून म्हणाले, “नाही.”

“नीट बघा, जावईबापू. खाली, बारीक अक्षरात?”

“नाही, मामा. कुठंच नाही.”

आप्पांनी समाधानानं मान हलवली. या घराच्या भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारणारी मी, फरशीचा रंग निवडणारी मी, देवघराच्या जागेवरून सुताराशी आठवडाभर भांडणारी मी. आणि माझं या घरात काही नाही हे माझ्याच नवऱ्याकडून तीनदा वदवून घेतल्यावर माझ्या बापाचा जीव भांड्यात पडला. पिशवी खोलीत गेली, खाटेखाली.

“मग हरकत न्हाई,” ते म्हणाले. “म्हयना ऱ्हातो.”

सासूबाईंनी माझ्याकडं पाहून एक भुवई किंचित उचलली. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि त्यांचे पाय धरावेत की त्यांच्याशी भांडावं हे मात्र आजतागायत ठरलेलं नाही.

रविवारी मागच्या दारी दोन खुर्च्या पडल्या. एका मालकिणीच्या रानात बांध कशाला, असं आप्पाच म्हणाले, आणि यांनी स्वतः घातलेला बांध यांच्याकडूनच सपाट करून घेतला. दगडही यांनीच उचलून लांब टाकला. मग खरी आखणी सुरू झाली. आप्पा काठीनं दाखवत होते, सासूबाई सांगत होत्या, हे खुरपं घेऊन मधे बसले होते. पाट आप्पांचा, पण अरुंद, तांब्याभर पाण्यात भरणारा. त्याला सासूबाईंची आळी, एकाआड एक. कोपऱ्यात अडुळसा, भिंतीला गुळवेल, नळाच्या अंगाला ओवा, मग लसणाच्या दोन ओळी, मग मेथी, मग विहीणबाईंच्या पाव्हण्यांना भाकरीबरोबर लागते म्हणून कांद्याची पात. दोघांचं एकमत होतंय हे बघून मला भरून आलं, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की दारापासून भिंतीपर्यंत सगळ्या खुणा लागत चालल्यात.

मी चहाचे कप घेऊन दारातच उभी होते. म्हटलं, “आणि माझी कोथिंबीर? पुदिना?”

दोघांनी एकदमच माझ्याकडं वळून बघितलं. विरजण मागायला आलेल्या शेजारणीकडं बघावं तसं.

“बघू की,” सासूबाई म्हणाल्या. “जागा उरली तर.”